वजनाला लागलेल्या बाटल्या

आग विझवायला बोटीवर सीओटू सोडल्याचे किस्से निवृत्त दर्यावर्दी चवीनं सांगतात. गॅस सुटून गेल्यानंतरच्या कामाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. त्यात शौर्य नसतं, नुसती हमाली असते. आमच्या पिढीनं ती भरपूर केली.

इंजिनरूमला लागणाऱ्या गॅसपैकी ८५ टक्के गॅस २ मिनिटांत आत पोचला पाहिजे, हा नियम. मागे उरतात रिकाम्या बाटल्या, मोठ्या बोटीवर शंभराच्याही पुढे, प्रत्येकीत साधारण ४५ किलो गॅस मावणाऱ्या. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे त्या काढायला बाहेरून कोणी येत नसे. फिटर नळ्या सोडवायचा, सारंग आणि खलाशी टोप्या चढवून बाटल्या सीओटू रूमच्या अरुंद दारातून बाहेर काढायचे, क्रेननं त्या धक्क्यावर उतरायच्या आणि ट्रकनं भरायला जायच्या. भरणारा माणूस आधी बाटलीच्या खांद्यावर ठोकलेली तारीख वाचायचा. दाबचाचणीची मुदत उलटली असेल तर बाटली बाजूला. नागपुरात बसलेल्या मुख्य स्फोटक नियंत्रकांचा धाक त्याला आमच्या बडासाब चीफ इंजिनिअरपेक्षा मोठा होता, आणि ते योग्यच होतं.

परत आलेली बाटली आमच्या काट्यावर चढल्याशिवाय जागेवर जात नसे. चेनब्लॉकला टांगलेला काटा, ठोकलेलं रिकामं वजन वजा करायचं, उरलेला आकडा तिसरा इंजिनिअर खडूनं बाटलीवर लिहायचा. कोणती बाटली गुपचूप गळते, हे पुढे सगळ्यांना तोंडपाठ असायचं.

जोडणीचा क्रम मात्र कडक. सेक्शन व्हॉल्व्ह बंद, मॅनिफोल्डमधला दाब सोडून दिलेला, तारेच्या कप्प्या मोकळ्या आणि प्रत्येक हेडमधला पिस्टन मागे आलेला. पुढेच अडकलेला पिस्टन भरल्या बाटलीवर बसवला तर ती तिथल्या तिथे सुटणार. त्याआधी लाइनमधून हवा फुंकायची, नोझलना बांधलेल्या चिंध्या फडफडतात का पाहायचं. मालाच्या होल्डची तर आणखी गंमत. ज्या नळीतून गॅस खाली जातो, तिच्यातूनच एरवी होल्डमधली हवा वर ओढून धूर हुंगला जातो. तिवाटी व्हॉल्व्ह पुन्हा धुराच्या बाजूला फिरवायचा राहिला, की ब्रिजवरच्या पेटीचं नाकच बंद.

एका बाबतीत मात्र जुन्या दिवसांचे गोडवे गायला माझी जीभ वळत नाही. बंद जागेत शिरण्याआधी ज्योतीचा सेफ्टी लॅम्प आत सोडून पाहत. ज्योत जळतेय म्हणजे ऑक्सिजन आहे, एवढंच ती सांगणार. पण सीओटू भरलेल्या खोलीत ऑक्सिजन १८ टक्के असेल, तर त्याच हवेत सीओटू जवळजवळ १४ टक्के असतो. दिवा जळत राहतो आणि माणूस थोड्याच वेळात कोसळतो. आता ऑक्सिजन आणि सीओटू वेगवेगळे मोजणारं मीटर छातीला लटकतं. त्या दिव्याची आठवण काढावी, दिवा काढू नये.

आज बंदरात मान्यताप्राप्त कंपनीची माणसं येतात, बाटल्या भरून किंवा बदलून देतात, काढलेल्या प्रत्येक सेफ्टी पिनचा फोटो घेतात, सर्टिफिकेट देऊन जातात. पिन तशीच राहून सगळी सिस्टीम मुकी होण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली, हे कबूल. पण कोणती बाटली हलकी, असं तिसऱ्याला विचारलं तर तो फाइल उघडतो. पोराचा दोष नाही. त्याच्या हाताला ती बाटली कधी लागलेलीच नसते.

बाटलीतल्या द्रवरूप सीओटूची पातळी मोजायलाही आता अल्ट्रासॉनिक यंत्र आहे. बाटलीला बाहेरून टेकवायचं, काम झालं. आम्हाला त्या यंत्राचं मोठं अप्रूप वाटलं होतं. पण सीओटू ३१ अंशांच्या वर तापला की द्रव आणि वायू असे दोन वेगळे उरत नाहीत, मग मोजायला पातळीच नसते. मे महिन्यात मुंबईच्या गोदीत दुपारी हे घडायला फार वेळ लागत नाही. मग ती मंडळी उद्या पहाटे येतो म्हणतात, नाही तर काटा मागतात. काटा कुठल्या स्टोअरमध्ये पडलाय, हे बहुतेक वेळा म्हाताऱ्या फिटरलाच ठाऊक असतं.