बसलेले रबर

'बसणे' या क्रियापदाच्या अर्थच्छटा वर्गात शिकवताना मी वर्षानुवर्षे तीच उदाहरणे देत आलो : घसा बसतो, धंदा बसतो, पावसाने भिंत बसते. गेल्या जूनमध्ये त्यांत एकाची भर पडली. आमच्या १६ वर्षांच्या गाडीत पावसाचे पाणी झिरपू लागले होते. रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी मागच्या डाव्या दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला आणि निदान केले, "सर, रबर फाटलेलं नाही, बसलंय."

पाणी ओंजळभरच असे. पण पायाखालचे कापड वाळत नव्हते आणि आत बुरशीचा कुबट वास कोंडून राहिला होता. माझी आई ८१ वर्षांची आहे, तिला दमा आहे, आणि दर महिन्याला डॉक्टरांकडे जाताना ती त्याच दाराशी बसते. गाडीत बसले की तिला धाप लागू लागली. गाडी विकून टाकावी, असे घरातल्या सर्वांचे मत पडले, आणि ते अव्यवहारी होते असे म्हणता येणार नाही. परंतु गाडीची नोंदणी नुकतीच पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली होती, इंजिन ठणठणीत होते. प्रश्न केवळ काही हात लांबीच्या बीडिंगचा होता.

चाचांचे ते एका शब्दातले निदान शास्त्रालाही धरून होते. बीडिंगचे दोन भाग असतात. चौकटीची कड घट्ट पकडणारा, पोटात धातूची पट्टी असलेला एक, आणि त्यावर स्पंजासारख्या रबराची पोकळ नळी. दार लावले की ही नळी चेपते. चेपूनही पूर्वपदावर येण्याची तिची जी ओढ, तीच पाण्याला अडवते. ही ओढ कच्च्या रबरात टिकत नाही. ते उन्हात चिकट होते, थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात आणि मूळ आकार जणू त्यांच्या स्मरणात राहतो. पण वर्षानुवर्षे चेपलेल्या अवस्थेत ऊन खाल्ले की जुने बंध तुटतात आणि नवे बंध त्या चेपलेल्या आकारातच जुळतात. रबर तुटत नाही. चेपलेपणालाच आपला आकार मानू लागते.

चाचांनी परीक्षा साधी घेतली. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायची. मी जुन्या उत्तरपत्रिकेची एक पट्टी फाडून दिली. इतर तीन दारांनी ती घट्ट धरली. मागच्या डाव्या दारातून ती अलगद निघून आली.

मला खरे नवल वाटले ते पुढे. दार पाण्याला पूर्णपणे अडवते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात काचेच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात उतरतेच, आणि ते खालच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडावे अशीच रचना असते. आमच्या दाराची छिद्रे चिखलाने बुजली होती. चाचांनी तार घातली, तेव्हा पेलाभर गढूळ पाणी वाहून गेले. निम्मी दुरुस्ती अडवण्याची नव्हतीच. वाट मोकळी करण्याची होती.

पुढच्या दाराच्या रबराला एक चीर होती, ती सांधता आली. स्पिरिटने पुसून दोन्ही कडांना चिकटद्रव्याचा पातळ हात, तो बोटाला नुसता चिकटेपर्यंत थांबणे, मग दाबणे. पेट्रोलने पुसू दिले नाही. त्याने हे रबर फुगते. बसलेल्या रबराला मात्र सांधणे लागू पडत नाही, ते बदलावेच लागते. नवी बीडिंग चाचांनी जराही न ताणता बसवली. ताणून लावलेले रबर कालांतराने आखडते आणि जोड उघडा पडतो. म्हणून त्यांनी ती किंचित लांबच कापली, आणि जोड खाली, पायरीपाशी ठेवला.

वास गेला, पण एक नवी अडचण उभी राहिली. नवे रबर इतके ताठ की दार जोर लावल्याशिवाय लागेना. आपले दार आपण लावायचे, हा आईचा नेम; चारचौघांत दुसऱ्याने दार लावून दिलेले तिला खपत नाही. दोनदा ढकलूनही लागेना, तेव्हा ती मला म्हणाली, "तुझी गाडी सुधारली रे, पण माझं दार गेलं."

मी चाचांना विचारले, रबर थोडे तासता येईल का? ते हसले. "नको सर. आईंना सांगा, पंधरा दिवस जाऊ द्या. बसेल ते."

इतकी वर्षे मी त्या शब्दाची पडझडीचीच उदाहरणे देत आलो होतो. घडी बसते, हात बसतो, जमही बसतो. तिसऱ्या आठवड्यात दार आईच्या हाताने लागले. कागदाची पट्टी ते अजून घट्ट धरते.