भाडेकरूचे भाडेकरू

गेल्या वैशाखांत पुतणीच्या आग्रहावरून आम्ही उभयतां जर्मनींतील कार्ल्सरूहे येथें तीन आठवडे राहून आलों. प्रवासवर्णनें लिहिणारे लोक पॅरिस किंवा व्हेनिसच्या वाटेस लागतात. कार्ल्सरूहे त्यांच्या गांवींहि नसतें. परंतु ज्यांनीं आपल्या घरांतील दोन खोल्या भाड्यानें दिल्या आहेत, किंवा जे स्वतः दुसऱ्याच्या घरांत भाडें भरून राहतात, अशा वाचकांस तेथें पाहिलेली एक गोष्ट सांगण्याजोगी वाटते.

हें शहर 1715 सालीं कार्ल विल्हेल्म नामक संस्थानिकानें अरण्यांत वसविलें. मध्यें राजवाडा, आणि त्याच्या मनोऱ्यापासून 32 वाटा सूर्यकिरणांसारख्या निघालेल्या. दक्षिणेकडील वाटांवर गांव वाढल्यामुळें त्यास पंख्याचा आकार आला आहे. बाकीच्या वाटा अजूनहि रानांत शिरतात. ‘रूहे’ म्हणजे विश्रांति. जर्मनीचें घटना-न्यायालय येथेंच राजवाड्याशेजारीं आहे, व दिवाणी-फौजदारी वादांचें सर्वोच्च न्यायालय 1950 पासून एका जुन्या राजपुत्राच्या महालांत भरतें. देशांतील सारीं भांडणें ज्या गांवीं येऊन मिटतात, त्याचें नांव विसावा असावें, याची आम्हांस मौज वाटली.

पुतणीचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचें. त्या देशांत सुमारें निम्मे लोक भाड्यानें राहतात व त्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. आम्ही पोहोंचलों त्याच दिवशीं घरांत वाद चालला होता. आठ वर्षांच्या नातवास गिनीपिग हवे होते, आणि तेहि दोन. एकटें ठेविल्यास तें झुरतें. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्यें तर तें एकटें पाळण्यास कायद्यानेंच मनाई आहे, असा त्याचा युक्तिवाद. जर्मन भाषेंत या प्राण्याचें नांव ‘मेअरश्वाइनखेन’, म्हणजे समुद्राचें छोटें डुक्कर! हा अर्थ कळतांच आमच्या सौभाग्यवती दोन पावलें मागें सरल्या. पुढें तो उंदराच्या कुळांतला, गवत खाणारा गरीब जीव आहे असें समजल्यावर म्हणाल्या, “मग हरकत नाहीं. उंदीर गणपतीजवळहि असतो.”

आमची हरकत निराळी होती. आम्हीं विचारलें, “घरमालकिणीची परवानगी घेतली का?”

पुतणी म्हणाली, “काका, याला परवानगी लागत नाहीं.”

आम्ही स्वतः घरमालक. हें वाक्य आमच्या कानांस चमत्कारिक लागलें. जावयांनीं मग सारा प्रकार समजावून दिला. पिंजऱ्यांत किंवा काचेच्या पेटींत राहणारे लहान जीव, म्हणजे पक्षी, मासे, ससे, गिनीपिग वगैरे, बेताच्या संख्येनें पाळणें हा घर वापरण्याचाच एक भाग समजला जातो. 1 भाडेपत्र असें होतें कीं त्यांत शोभेचे पक्षी व मासे वगळून बाकी प्रत्येक प्राण्यास मालकाची संमति हवी होती. भांडण मांजरांवरून निघालें. पण या कलमांत इतर लहान जीवहि सांपडतात म्हणून न्यायालयानें 14 नोव्हेंबर 2007 रोजीं तें सबंधच रद्द ठरविलें.

कुत्र्या-मांजरांचा प्रश्न याहून अवघड. गेल्सेनकिर्खेन येथील एका गृहनिर्माण संस्थेनें ते पाळण्यास भाडेपत्रांत साफ बंदी घातली होती. एका कुटुंबानें जेमतेम वीतभर, म्हणजे सुमारें 20 सेंटिमीटर उंचीचा कुत्रा आणला; संस्थेनें चार आठवड्यांत तो काढावयास सांगितलें. वाद चढत चढत कार्ल्सरूहेस आला. 20 मार्च 2013 रोजीं निकाल लागला कीं छापील कराराची अशी सरसकट बंदी चालणार नाहीं. मात्र वाटेल तें जनावर आणावें, असाहि त्याचा अर्थ नाहीं. प्राणी कोणता, केवढा, किती. शेजाऱ्यांस उपद्रव होतो काय. हें सर्व प्रत्येक वेळीं तोलून पाहिलें पाहिजे.

‘प्रत्येक वेळीं तोलून’ हे शब्द आम्हांस त्या रात्रीं झोंपूं देईनात.

वीस-एक वर्षांपूर्वीं आमच्या पुण्याच्या घरीं मागील दोन खोल्यांत एक मास्तर सहकुटुंब राहत. त्यांच्या मुलीनें एकदां पांढरा ससा आणला. खोक्यांत गवत घालून ती त्यास अंगणाच्या कोपऱ्यांत ठेवी. भाडेपत्रांत ‘पशुपक्षी पाळण्यास सक्त मनाई’ असें कलम होतें. आम्हीं चष्मा लावून तें मास्तरांस वाचून दाखविलें. सशाचा आवाज नव्हता, घाणहि फारशी नव्हती. खरें पाहतां आमची कांहींएक तक्रार नव्हती. घर आमचें, एवढेंच. त्याच संध्याकाळीं ससा कोणास तरी देऊन टाकण्यांत आला. ती मुलगी रोज सकाळीं पूजेचीं फुलें आणून देत असे, ती पुन्हा वर आली नाहीं. वर्षभरानें त्यांनीं बिऱ्हाड हलविलें. कारण शाळा लांब पडते असें सांगितलें. शाळा पूर्वीं तितकीच लांब होती.

सकाळीं हें सौभाग्यवतींस बोलून दाखविलें, तर त्या म्हणाल्या, “मीं तेव्हांच सांगितलें होतें.” सांगितलें होतें खरें.

गिनीपिग आले. परवानगीची जरुरी नसतांहि पुतणीनें खालच्या मजल्यावरील घरमालकिणीस कॉफीस बोलाविलें. सत्तरीच्या त्या बाईंनीं पिंजरा निरखून दोनच गोष्टी बजावल्या : घाण झालेलें गवत संडासांत टाकूं नये, नळ तुंबतो, आणि सुटींत बाहेरगांवीं जातांना त्यांना कोण पाहणार, हें आधीं ठरवावें. नातवानें दोन्ही गोष्टी वहींत लिहून घेतल्या. पुढच्या रविवारीं बाईंनीं बागेंतील कोंवळीं पानें दाराशीं आणून ठेविलीं.

परत आल्यावर मागील खोल्या पुन्हा भाड्यानें द्यावयाच्या निघाल्या. वकिलांनीं नेहमींचाच मसुदा पाठविला; त्यांतील तें कलम आम्हीं खोडून टाकलें, व त्या जागीं काय लिहावें याचा विचार चालू आहे. पिंजऱ्यांत राहणारा ससा आणि मासे येथवर घरांत कोणाचीच तक्रार नाहीं. मांजराविषयीं मात्र आमचें उभयतांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.