मी मागं हाय!

मुलांनो, तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना कधी भीती वाटत असेल का? वाटते बरं! आज मी तुम्हांला माझीच फजिती सांगणार आहे.

मला उंचीची फार भीती वाटते. शाळेच्या गच्चीवर गेले तरी मी कठड्याजवळ जात नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांनी सहावीची सहल कळसूबाईला न्यायची ठरवली, तेव्हा मी डोकेदुखीपासून घरच्या पाहुण्यांपर्यंत सगळी कारणं सांगून पाहिली. एकही चाललं नाही. "भूगोल तुम्हीच शिकवता ना, बाई? मग चला!"

खरंच होतं. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर' असं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. लिहायला काय जातंय!

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून आम्ही भल्या सकाळी निघालो. पायथ्याशी देवीचं छोटं देऊळ आहे. ज्यांना वर जाणं जमत नाही, ते इथेच हात जोडतात. "मीही इथेच थांबते," मी म्हणून पाहिलं. पण मुलं कुठली ऐकताहेत!

धापा टाकत बरीच वर आले आणि समोर ती दिसली. कातळाला लावलेली लोखंडी शिडी! चार-पाच पायऱ्या चढले आणि नको तेच केलं. खाली पाहिलं. झालं! हात गजाला चिकटले, पाय लटपटायला लागले. वर जाता येईना, खाली उतरता येईना.

वरून मुलं ओरडली, "बाई, या ना! एकदम सोप्पं आहे!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सोपं असतं तर मी अशी अडकले असते का?

आणि एकदम आठवलं, हेच वाक्य मी वर्गात रोज म्हणते! आमच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. दशांशाचा भागाकार आला की तो खडू धरून फळ्यापाशी नुसता उभा राहतो. मी म्हणते, "अरे, किती सोपं आहे!" तो मान खाली घालतो.

नेमका तोच माझ्या मागे शिडीवर होता. सुट्टीत आजोळी गुरांमागे डोंगर पालथे घालणारा तो पोरगा हळूच म्हणाला, "बाई, मला पण पहिल्यांदा लई भ्या वाटलं होतं. खाली नका बघू. सगळी शिडी पण नका बघू. फक्त म्होरली पायरी बघा. मी मागं हाय."

एक पायरी. मग दुसरी. शिडी संपली! पुढच्या शिड्याही तशाच चढले. तो मागे होताच.

शिखरावर भन्नाट वारा होता. देवीला हात जोडले. एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले उभे होते. फळ्यावरचा १६४६ हा आकडा मला त्या दिवशी खरा कळला. उतरताना शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपत खाली आले.

सोमवारी गणिताचा तास होता. तो मुलगा पुन्हा फळ्यापाशी थबकला. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. "सगळं गणित नको बघू. फक्त पहिली पायरी बघ. मी मागं हाय!"

तो खुदकन हसला. उत्तर चुकलं, कारण दशांशचिन्ह भलतीकडेच पडलं होतं. पण त्या दिवशी त्याने मान खाली घातली नाही. पुसलं आणि पुन्हा मांडलं.

तेव्हापासून अडलेल्या मुलाला मी "सोपं आहे" असं म्हणत नाही. तुमच्या आईबाबांनाही हे वाचून दाखवा हं!

आणि हो, पुढची सहल म्हणे हरिहर किल्ल्यावर. तिथे कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आहेत. माझं डोकं आतापासूनच दुखायला लागलंय!