तहान तोंडातली

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीला शेवटच्या दिवसांतला रुग्ण येतो तो सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूरची जाडजूड फाइल घेऊन. आता घरी न्या, असं तिकडे सांगितलेलं असतं. घरी दुखणं आवरत नाही, म्हणून माणसं आमच्या रुग्णालयात आणतात. पहिली विनंती ठरलेली असते, "सिस्टर, बापानं दोन दिसापासून काहीच खाल्लं नाही. सलाईन तं लावा ना."

मुलाचा जीव तुटत असतो. बाटली लटकली की बापासाठी काहीतरी होतंय, असं त्याला वाटतं. पण थकलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला ते पाणी पेलवत नाही. पाय सुजतात, दम वाढतो आणि जीभ कोरडी ती कोरडीच. अन्नावरची वासना तर आधीच उडालेली असते. आमच्याच जिल्ह्यात, पवनारला, विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये अन्न आणि औषध नाकारलं आणि 15 तारखेला देह ठेवला. तो त्यांचा निर्धार होता. इथे खाटेवरच्या म्हाताऱ्याचं शरीर स्वतःच नको म्हणत असतं. जेवत नाही म्हणून तो जात नाही, जाण्याची वेळ आली म्हणून जेवत नाही, हे मुलाला शेजारी बसून सांगावं लागतं. उभ्याउभ्या सांगून ते पोचत नाही.

तहान उरते ती बहुतेक तोंडातली. उघड्या तोंडाने चाललेला श्वास आणि औषधं यांनी जीभ टाळूला चिकटते. या तोंडाची निगा मला आमच्या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट वाटते. कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा आणि मऊ गॉज, एवढंच लागतं. शुद्ध नसली तरी आधी सांगायचं, "बाबा, तोंड पुसते हं." कान कधी मिटतात ते कुणी सांगावं? मग गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ. साचलेला थर ओरबाडायचा नाही, भिजवून सोडवायचा. ओठांना व्हॅसलीनचा पातळ हात. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेलकट काही नाही.

गंगाजल चमच्याने ओततात तेव्हा पोटात गोळा येतो. गिळणं थांबलेलं असतं, पाणी श्वासनळीत उतरतं. पण मी गंगाजल कधीच बंद करत नाही. तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांवर टेकवायला सांगते. लेकीने ते केलं की तिचा चेहरा निवतो.

घरघर लागली की घरचे हादरतात, नळी घालून कफ ओढा म्हणतात. घशात खोल नळी घालण्याने बहुधा त्रासच होतो. कुशीवर वळवून डोकं जरा उंच केलं की पुष्कळदा आवाज उतरतो.

दुखण्याचं मात्र नुसत्या हातांनी भागत नाही. 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या. दुखणं उसळण्याची वाट न बघता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे 2014 मध्ये अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनचे परवाने सोपे झाले, तरी "सवय लागेल" ही भीती अजून घराघरांत आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला कसली सवय लागणार? तळमळणारा माणूस पाहून मला आजही राग येतो, कारण ते दुखणं थांबवता येण्यासारखं असतं.

बरेच जण अखेरीस म्हणतात, "मले घरी न्या." मग सुनेला खाटेपाशी उभं करून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, माकडहाडाच्या जागेवर लाली आली का ते कसं बघायचं, तोंड कसं पुसायचं, हे तिच्याच हातून करून घेते. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांच्या पुड्या बांधते. वाचता येत नसेल तर पुडीवर सूर्य आणि चंद्र काढते. मॉर्फिनने शौचाला खडा होतो, म्हणून जुलाबाची गोळी रोज हवीच. घरी पहिली तीच विसरली जाते, म्हणून ती पुडी सगळ्यांत वर ठेवते आणि सुनेकडून दोनदा वदवून घेते.