परक्या घरचा कुत्रा सांभाळताना

कुत्रे सांभाळून पोट भरतं का, असा प्रश्न संपादकांनी विचारला आणि त्यावरच लेख मागितला. पुण्यापुरतं उत्तर असं, की भरतं, पण बारा महिने सारखं नाही.

कोथरूड, बाणेर, वाकड या भागांत हे काम धंदा म्हणून उभं राहिलं, ते बदललेल्या घरांमुळे. हिंजवडीत नोकरी करणारी जोडपी, मुलं परदेशी गेलेले आजी-आजोबा, एकटे राहणारे तरुण, सगळ्यांकडे कुत्रा आहे. गावी जाताना त्याला ठेवायला मात्र कोणी नाही. वाड्यातला कुत्रा साऱ्या वाड्याचा असे, तेव्हा ही अडचण नव्हती. आता दिवसाला सहाशे ते हजार रुपये घेऊन डॉग सिटर ते काम करतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांची रीघ लागते, मग दिवाळी, नाताळ आणि मे महिना. जूनमध्ये शाळा उघडल्या की जागा आठवडेच्या आठवडे रिकाम्या पडतात. म्हणून या धंद्यात टिकलेली बहुतेक माणसं सकाळ-संध्याकाळ कुत्रे फिरवण्याचं महिनेवारी कामही धरून ठेवतात. घरभाडं त्यातून निघतं.

‘तुमचं काय बुवा, दिवसभर कुत्र्यांशी खेळायचं!’ हे वाक्य प्रत्येक सिटरने ऐकलेलं असतं. खेळणं हा कामाचा सगळ्यात लहान भाग. नव्या घरी आलेला कुत्रा पहिल्या रात्री बहुधा जेवत नाही, दाराशी बसून राहतो आणि फट दिसली की निसटू पाहतो. घाबरून मागे सरकला, तर साधा गळपट्टा कानांवरून अलगद निघून येतो. म्हणून जाणता सिटर हार्नेस आणि पट्टा दोन्ही घालतो आणि दोन लीश हातात ठेवतो. दिवाळीत तर हे सक्तीचंच. कायद्याने चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंतचा फटाका चालतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००पर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली, पण गल्लीतली पहिली माळ उजेड असतानाच लागते. त्यामुळे संध्याकाळचा फेरा उन्हातच उरकावा लागतो. घरातला फराळ उंचावर ठेवावा लागतो तो वेगळाच. चिवड्यातल्या मूठभर बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

हे सगळं लोकांना सांगितलं की पटतं. पटत नाही ती गोचीड.

गेल्या ऑक्टोबरात एक लॅब्रेडॉर प्रस्तुत लेखिकेकडे तीन रात्री राहून घरी गेला. दुसऱ्याच दिवशी त्याला ताप भरला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, जेवण सुटलं. रक्तात प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. निदान झालं एर्लिकियाचं, म्हणजे ज्याला सगळे टिक फीवर म्हणतात त्याचं. ‘तुमच्याकडूनच घेऊन आला’ असा फोन आला, पैसे परत मागितले गेले, सोसायटीच्या ग्रुपवर तसं लिहिलंही गेलं. कुत्रा बरा झाला. ते वाक्य मात्र अजून सलतं, कारण ते शास्त्राला धरून नाही.

एर्लिकिया कॅनिस हा जंतू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून रक्तात जातो आणि त्यानंतर ताप यायला साधारण आठ ते वीस दिवस लागतात. लॅब्रेडॉर घरून निघाल्यापासून ताप येईपर्यंत पाच दिवसही झाले नव्हते. चावा आधीचा होता. पण ‘अंगावर एकही गोचीड नव्हती’ असं मालक शपथेवर सांगतात, आणि ते खरंही असतं. ही गोचीड आयुष्यातला फार थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर काढते. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी रक्त पिऊन खाली उतरते, कात टाकते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. तिसऱ्यांदा पोट भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, पार्किंगमधल्या फटीत तीन-चार हजार अंडी घालते. एर्लिकिया त्या अंड्यांत उतरत नाही, प्रत्येक पिढीला तो आजारी कुत्र्याच्या रक्तातूनच मिळवावा लागतो. बबेसिया हा दुसरा गोचीडताप अंड्यांतूनही पुढे जातो. म्हणजे नुसत्या आंघोळीने आणि पावडरीने काही साधत नाही, घराच्या भिंती सांभाळाव्या लागतात. डॉक्सीसायक्लिनचा चार आठवड्यांचा डोस कुत्रा जेवायला लागला की आठव्या दिवशी बंद करणारे मालक तर दर मोसमात भेटतात. तो जंतू मग अंगात महिनोन् महिने दबून राहतो.

आणि इथेच शंका उरते. दबलेला आजार ताणाने उफाळू शकतो, असं डॉक्टर सांगतात. परक्या घरातल्या तीन रात्री हा ताण नव्हता, असं कोणताही प्रामाणिक सिटर म्हणू शकणार नाही.

कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७चे केंद्रीय नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८चे. घरी कुत्रे सांभाळणाऱ्यासाठी त्यांत स्वतंत्र प्रकरण नाही. उद्या कोणीही दोन खोल्यांत दहा कुत्रे कोंडून ‘होम बोर्डिंग’ची पाटी लावतो आणि मनापासून काम करणाऱ्याचा दर पाडतो. त्यामुळे नियम आपले आपणच घालून घ्यावे लागतात. प्रस्तुत लेखिकेकडे यंदापासून कुत्रा आत घेण्याआधी मालकासमोर त्याचे कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या तपासल्या जातात, गोचिडीच्या गोळीची तारीख लिहून घेतली जाते, आठवड्याहून जास्त मुक्काम असेल तर पंधरा दिवसांतला रक्ताचा रिपोर्ट मागितला जातो. काही जुन्या गिऱ्हाइकांना यात अविश्वास दिसला आणि ती दुसरीकडे गेली. या दिवाळीत म्हणून एक-दोन जागा रिकाम्या राहतील. तपासणीला लागणाऱ्या वेळेपोटी दर शंभर रुपयांनी वाढवला आहे, आणि तो कमी होणार नाही.