शेंद्र्याहून शहागंजला

शेंद्र्याहून जालना रस्त्याने शहराकडे निघाले की आधी कारखाने, मग चिकलठाण्याचे विमानतळ आणि नंतर सिडको लागते. तिथून शहागंजला पोहोचेपर्यंत रस्ता अरुंद होतो आणि गाडीपेक्षा पायी चालणेच सोयीचे वाटू लागते. मुलांना घेऊन एकदा मुद्दाम हा प्रवास करावा.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी जमिनीखालून शहरभर खेळत असे. शहागंजची मशीद नंतरची, साधारण १७२० ची. ती उंच चौथऱ्यावर उभी आहे. चौथऱ्याला तीन बाजूंनी दुकाने आहेत आणि उत्तरेकडून वर जायला पायऱ्या. वरच्या अंगणातल्या दोन मोठ्या हौदांना नहरीचेच पाणी मिळत असे. खाली रोजीरोटी, वर इबादत, आणि मध्ये फक्त एक जिना. जवळच विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे घड्याळाचे मनोरे आहे. स्मार्ट सिटी योजनेतून त्याची दुरुस्ती झाली. पुढे सिटी चौक आणि गुलमंडी.

शेंद्र्यात ऑरिक हे नवे औद्योगिक शहर वसते आहे. वीज-पाण्याच्या वाहिन्या जमिनीखाली आणि घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर काम, ही त्याची कल्पना. ती चांगलीच आहे. पण नहरीने आणि जुन्या बाजाराने हेच शतकांपूर्वी करून दाखवले होते. खाली दुकान, वर घर, हाकेच्या अंतरावर मशीद आणि मदरसा. नव्या शहराचे रस्ते नकाशावर आखता येतात. उधारीवर साखर देणारा आणि आजारपणात चौकशी करणारा दुकानदार आखता येत नाही.

म्हणून जुन्या बाजाराची काळजी वाटते. रस्त्यालगत मॉल झाले, मोबाइलवर खरेदी होऊ लागली. अमेरिकेतल्या लहान गावांनी हे आधी भोगले आहे. ग्राहक हमरस्त्यावरच्या मॉलकडे वळले आणि गावातली मुख्य पेठ व तिथली जुनी नाट्यगृहे ओस पडली. तेव्हा १९७७ मध्ये तिथल्या एका वारसा संस्थेने तीन गावांत एक प्रयोग केला. इलिनॉय राज्यातले गेल्सबर्ग त्यांपैकी एक. पेठेसाठी पूर्णवेळ माणूस नेमायचा, दुकानांची जुनी दर्शनी बाजू नीट करायची आणि दुकानदारांनी मिळून बाजार भरवायचे. पाडापाडी करायची नाही. १९१६ चे ऑर्फियम नाट्यगृह गेल्सबर्गमध्ये आजही उभे आहे.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. बायकांसाठी स्वच्छ शौचालय, म्हाताऱ्यांना बसायला बाक, गाड्या लावायला बाजाराबाहेर जागा आणि कमानीवर चढलेले फलक खाली उतरवणे, एवढ्यावर दुकानदारांची एकजूट झाली तरी बाजाराची रया पालटेल. आपल्या हातातही काही आहे. ईदचे कपडे, अत्तर, लग्नासाठी हिमरूची शाल यांतली एखादी खरेदी तरी इथे करावी. सुती आणि रेशमी धाग्यांनी विणलेला हिमरू ही या शहराची ओळख आहे. आपण घेतला नाही, तर विणकराचा मुलगा मागावर बसणार नाही.