डिस्चार्ज कार्डावर नसलेली ओळ

रक्तदाबाच्या गोळ्या, हाताचे व्यायाम, पंधरा दिवसांनी फेरतपासणी. इगतपुरीच्या त्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच लिहिलेलं होतं. लुळ्या पडलेल्या उजव्या हातासाठी फिजिओथेरपी होती, गेलेल्या वाचेसाठी एक अक्षर नव्हतं. ‘बोलणं आता यायचं नाही, घरी न्या,’ असं तोंडी सांगून त्यांना वाटेला लावलं. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेसाठी सगळ्यात मोलाचे असतात. हे काका एका स्पीच थेरपिस्टपर्यंत पोचले तेव्हा ते महिने सरून गेले होते. हे सांगताना ती आजही चिडते, आणि चिडायलाच हवं.

तिचं गाणं लहानपणापासूनचं. ‘एवढा गळा आणि दवाखान्यात कसली बसतेस?’ असं नातेवाईक विचारत. खरं तर सूर आणि शास्त्र यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी गायकांच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास केला, पुढे संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक रानडे यांनी ती विद्या त्यांच्याकडून घेतली.

काकांना समोरचं सगळं कळे, पण साधं ‘पाणी’ म्हणता येत नसे. ओठ हलत, शब्द फुटत नसे, मग ते डावी मूठ मांडीवर आपटत. एकदा तिने हरिपाठाची चाल धरली. काकांनी ती उचलली. शब्दांसकट, न अडखळता! काकू पिठाच्या हातांनी बाहेर धावत आल्या. लगेच तिने पाणी मागायला सांगितलं. पुन्हा मूठ मांडीवर.

बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो, हे पॉल ब्रोकाच्या १८६१ मधल्या रुग्णापासून कळत गेलं. ती बाजू दुखावली तरी चालीत मुरलेले शब्द अनेकदा शाबूत राहतात. त्याच आधारावर १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी सुरांतून बोलणं शिकवायची पद्धत मांडली.

काकांचा डावा हात धरून ती दर अक्षराला टेबलावर ठोका देई. ‘पा-णी-द्या’, षड्ज आणि कोमल गंधार, एवढ्या दोनच सुरांत. आधी दोघं एकत्र, मग ती मध्येच गप्प होई, मग चाल हळूहळू सपाट करत साध्या बोलण्यावर. कसारा घाटात गाडीला मागून रेटणारं बँकर इंजिन इगतपुरीला सोडतात, तसा हा सूर शेवटी सुटावा लागतो. काकांना हे लगेच पटलं.

घरच्यांना मात्र हरिपाठच पुरेसा वाटला. भजनी मंडळ आलं, काका गायले, पेढे वाटले गेले आणि ठोक्यांचा सराव बंद पडला. त्या गाण्याने जी स्वतः थक्क झाली होती, तीच आता प्रत्येक घरी बजावते, की नुसतं गाऊन घेऊ नका. पाठ असलेला अभंग म्हणणं वेगळं आणि तहान लागल्यावर पाणी मागणं वेगळं. आणि रुग्णालयातून निघण्याआधी स्पीच थेरपीची चिठ्ठी मागून घ्या, कोणी आपणहून देईल म्हणून थांबू नका.

सराव पुन्हा सुरू झाला. काका आता दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतात. फोनवर अडतात, नातवाचं नाव चुकतं. ‘पाणी’ म्हणताना ‘णी’वर आवाज अजून वर चढतो. सध्या ती तो खाली आणायच्या मागे आहे.